जालन्यात न जन्मलेला पाण्याचा पक्ष

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर मार्च १९७२ मध्ये एक सभा झाली. तिथले पेडर सरोवर वीजप्रकल्पाच्या धरणाखाली बुडणार होते. दोन्ही मोठे पक्ष धरणाच्या बाजूचे होते. सरोवर वाचवू पाहणाऱ्यांना मत देण्यासाठी जागाच उरली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ हा जगातला पहिला हरित पक्ष मानला जातो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्यूझीलंडमध्ये ‘व्हॅल्यूज पार्टी’ निघाली. जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची पहिली परिषद भरली. गरिबीला बाजूला सारून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, हा तिथल्या इंदिरा गांधींच्या भाषणाचा रोख होता. त्याच वर्षी मराठवाड्यातला पावसाळा कोरडा गेला. आधीची वर्षेही तुटीचीच होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद हा सगळा पट्टा दुष्काळाच्या तोंडी होता. माणसे खडी फोडत होती, नाल्यांवर बांध घालत होती, पाझर तलावांसाठी माती उपसत होती. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. एका बेटावर सरोवर बुडू नये म्हणून पक्ष निघाला, आणि त्याच वेळी इथे लाखो हात तळी खोदत होते. दोन्हींचा विषय पाणीच होता. मग एकीकडे पक्ष का झाला आणि दुसरीकडे का झाला नाही, हा प्रश्न जालन्याच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाला विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे सोपे उत्तर असे दिले जाते की पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला तो परवडत नाही. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. जालन्याच्या माणसाने गेल्या अर्धशतकात ज्या प्रश्नांवर मोर्चे काढले, आमदार-खासदारांना घेरले, वर्गणी काढली, श्रमदान केले, त्यांत पाणी पहिल्या ओळीत आहे. विहिरीचा तळ, नदीतली वाळू, गायरानाची जमीन, बियाण्याचे वाण हे सगळे पर्यावरणाचेच विषय आहेत, फक्त त्यांना कुणी त्या नावाने हाक मारत नाही. रामचंद्र गुहा आणि हुआन मार्टिनेझ-आलिएर यांनी १९९७ साली गरिबांच्या पर्यावरणवादाची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे: ज्याचे जगणे थेट जमीन-पाण्यावर अवलंबून, त्याचा निसर्गासाठीचा झगडा उपजीविकेचा झगडा म्हणून पुढे येतो. तेव्हा जालन्यात पर्यावरणाचे राजकारण नव्हते असे म्हणता येत नाही. ते भरपूर होते. पण ते तीन वेगळ्या भाषांमध्ये बोलले गेले: आधी कामाची भाषा, मग अनुशेषाची आणि शेवटी योजनेची. या तिन्ही भाषांनी लोकांच्या पदरात काही ना काही टाकले. मात्र पाणी किती वापरायचे आणि कुणी थांबायचे, हे वाक्य या तिन्ही भाषांत कधी तयारच झाले नाही. हरित पक्षाचे खरे काम ते वाक्य बोलण्याचे असते.

कामाची भाषा १९७२ च्या दुष्काळातून आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी कल्पिलेली रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर पसरली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले, आणि ते काम बहुधा माती आणि पाणी अडवण्याचे असावे असे ठरले. पुढे २००५ साली देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याचे मूळ इथे आहे. जगातल्या कुठल्याही हरित पक्षाच्या जाहीरनाम्यात शोभेल अशी ही तरतूद होती, कारण गरिबाच्या मजुरीतून जमीन दुरुस्त करण्याचा तो करार होता. पण व्यवहारात करार मजुरीपुरता राहिला. हजेरीपट, मोजमाप, आठवड्याचा पगार यांवर भांडणे झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. बांधलेल्या पाझर तलावाचे पुढे काय झाले, त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना वाढलेले पाणी कुणाचे, ते पाणी मजुराला मिळाले की बागायतदाराला, यावर मात्र भांडण उभे राहिले नाही. तलाव खोदणारा बहुतेक वेळा भूमिहीन होता, आणि तलावाचे पाणी ज्याच्या विहिरीत उतरले तो जमीनधारक होता. पुण्याच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी याच दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम होते. म्हणजे मर्यादेचे वाक्य महाराष्ट्रात उच्चारले गेले होते. जालन्यापर्यंत ते पोहोचले नाही.

दुसरी भाषा अनुशेषाची. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये केली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पैठणपासून निघणारा त्याचा डावा कालवा दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि अंबड, घनसावंगी, परतूर ओलांडत परभणीकडे जातो. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन, गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली मराठवाडा जनता विकास परिषद, १९८४ मध्ये आलेला दांडेकर समितीचा अहवाल आणि १९९४ साली स्थापन झालेले वैधानिक विकास मंडळ, या सगळ्यांतून पाण्याचा प्रश्न प्रदेशाच्या न्यायाचा प्रश्न बनला. निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालेला आणि पुढे महाराष्ट्रात आलेला हा प्रदेश सिंचनात मागे ठेवला गेला, ही तक्रार पुराव्यानिशी खरी होती. तिला उशिरा का होईना कायदेशीर यश मिळाले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याचे समन्यायी वाटप मान्य केले. मेंढेगिरी समितीने जायकवाडीत १५ ऑक्टोबरपर्यंत किती साठा असला तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे याचे कोष्टक घालून दिले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचे तत्त्व उचलून धरले. नाशिक-नगरच्या धरणांतून पैठणला पाणी सुटते ते या लढ्यामुळे. जालन्याच्या इतिहासात पर्यावरणाच्या राजकारणाचा एवढा ठोस विजय दुसरा नाही, असे माझे मत आहे.

तरीही या विजयाची एक बाजू झाकलेली राहिली. समन्यायी वाटपाचे तत्त्व नाशिक आणि मराठवाडा यांच्यामध्ये लागू झाले. अंबडच्या वरच्या चारीवरचा ऊस आणि परतूरच्या शेपटाकडची ज्वारी यांच्यामध्ये मात्र लागू झाले नाही. जायकवाडी बांधली गेली तेव्हा तिच्या लाभक्षेत्रात मुख्यतः आठमाही पिके अपेक्षित होती. प्रत्यक्षात कालव्याकाठी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाचे क्षेत्र वाढत गेले. संपूर्ण महाराष्ट्रात ऊस लागवडीखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर असतो, पण सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा, दोन तृतीयांशाच्या आसपास, एकटा ओढतो. ऊस लावणारा शेतकरी खलनायक नाही. हमखास भाव आणि हमखास गिऱ्हाईक देणारे दुसरे पीक त्याच्यासमोर कुणी ठेवले नाही. पण वरच्याने खालच्यासाठी पाणी सोडावे हे तत्त्व न्यायालयात मांडणाऱ्या प्रदेशाने तेच तत्त्व आपल्या कालव्यावर लावून पाहायला हवे होते. अनुशेषाच्या भाषेत ती सोय नाही, कारण त्या भाषेत ‘आपण’ नेहमी एकसंध असतो आणि अन्याय नेहमी बाहेरून येतो.

इथे कुणी म्हणेल की पक्ष न होण्याचे कारण एवढे खोल शोधायची गरज नाही, निवडणुकीची पद्धत पुरेशी आहे. जर्मनीत जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूहेला ‘ग्रीन’ पक्ष स्थापन झाला आणि १९८३ साली ५.६ टक्के मतांवर तो संसदेत बसला, कारण तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्याकडे साडेपाच टक्के मते घेणाऱ्याची अनामत रक्कमसुद्धा जप्त होते. आक्षेप बिनचूक आहे, पण अपुरा आहे. सर्वाधिक मते घेणारा जिंकतो अशी पद्धत ब्रिटनमध्येही आहे, आणि तिथे २०१० साली ब्रायटनच्या एका मतदारसंघातून हरित पक्षाची उमेदवार निवडून आली. महाराष्ट्रातच वसईचे उदाहरण आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीमार्फत वाड्या, विहिरी आणि शेती वाचवण्यासाठी चळवळ उभी केली. वसईतला हा असंतोष पुढे गावे महापालिकेत घालण्याविरुद्धच्या लढ्यात मिसळला आणि २००९ साली विवेक पंडित विधानसभेवर निवडून गेले. २०१४ ला ते हरले, ही गोष्ट वेगळी. आपल्या पद्धतीत असा पक्ष टिकणे अवघड आहे, पण जन्मणे अशक्य नाही.

मतदारसंघाचा एक मुद्दा मात्र जालन्यात खरोखर आडवा येतो. पाणी पाणलोटाने वाहते, मते मतदारसंघाने मोजली जातात. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा औरंगाबादचे चार तालुके आणि परभणीतला परतूर जोडून तो बनवला गेला. त्याच्या उत्तरेला पूर्णा, मध्ये दुधना आणि तिला मिळणारी कुंडलिका, दक्षिणेच्या शिवेवर गोदावरी. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जालना लोकसभा मतदारसंघात जालना, बदनापूर आणि भोकरदन यांच्यासोबत सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण आले. जिल्ह्यातले घनसावंगी आणि परतूर परभणी लोकसभेत गेले. म्हणजे जायकवाडीचे धरण जालन्याच्या खासदाराच्या क्षेत्रात, आणि त्याच धरणाच्या कालव्याची वाट पाहणारी जालना जिल्ह्यातली गावे परभणीच्या खासदाराच्या क्षेत्रात. धरणाच्या दाराशी बसलेल्या आणि शेपटाकडे बसलेल्या माणसाचे प्रतिनिधी वेगळे असतील तर दोघांमधले वाटप कुठल्या सभेत मांडायचे? या नकाशात नदी कुणाचीच मतदार नाही. टास्मानियातल्या लोकांना एकच सरोवर वाचवायचे होते आणि एकाच सरकारला विचारायचे होते. जालन्याच्या पाण्याला असा एक पत्ताच नाही.

तिसरी भाषा योजनेची. तिची सुरुवात जालन्यात फार चांगली झाली, आणि ती जर्मनीशी जोडलेली आहे हा इतिहासातला एक विलक्षण योग आहे. हर्मन बाकर हे स्विस जेझुइट धर्मगुरू अहमदनगर भागात दीर्घकाळ काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मन सरकारचा पैसा नाबार्डमार्फत गावांपर्यंत येई. त्या काळात जर्मनीच्या सत्तेत हरित पक्ष नव्हता, हेही नोंदवायला हवे. तो केंद्रातल्या सरकारात १९९८ साली गेला. जालना तालुक्यातल्या कडवंची गावात हे काम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली केले. सुमारे १,८०० हेक्टरचे पाणलोट माथ्यापासून पायथ्यापर्यंत घेतले गेले. वर समतल चर, मध्ये बांधबंदिस्ती, खाली नाला बांध. कार्यक्रमात शिरण्याच्या अटी होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. म्हणजे पैशाआधी संयम मागितला गेला. आणि तो दिला गेला. पुढे या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२ च्या दुष्काळात अंबड-घनसावंगीतल्या मोसंबीच्या बागा वाळून तोडल्या जात असताना कडवंचीची द्राक्षे तगली. मर्यादेचे वाक्य जालन्यात जर कुठे उच्चारले गेले असेल तर ते कडवंचीत.

पण त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग तिथेही अधुरा राहिला. चर आणि बांध हे सगळ्या गावाचे होते, पण मुरलेले पाणी विहिरीत आले की ते ज्याची विहीर त्याचे झाले. नंतर शेततळी आली. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे पावसाचे पाणी अडवण्यासाठी आहे असे आपण धरून चालतो, पण मराठवाड्यात कित्येक ठिकाणी ते विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरले जाते. जमिनीच्या पोटात सावलीला असलेले, सगळ्यांच्या विहिरींना पुरणारे पाणी वर काढायचे, उन्हात ठेवायचे, आणि त्यावर एकाचे नाव लावायचे. बागायतदाराच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे, कारण त्याने काढले नाही तर शेजारी काढेल. दख्खनच्या काळ्या खडकात भूजलाचे साठे उथळ आणि तुकड्यातुकड्यांचे असतात. वरच्या मुरमात आणि भेगांत जेवढे मावेल तेवढेच. एकाच्या खोल बोअरचा परिणाम शेजारच्या विहिरीवर दिसायला फार वर्षे लागत नाहीत. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्याची योजना झाली. तिच्या नावातच सगळे आले आहे. मागेल त्याला पाणी साठवण्याची जागा मिळेल. किती जणांनी मागितल्यावर थांबायचे हे योजनेने विचारले नाही.

इथे दुसरा आक्षेप समोर येतो, आणि तो वजनदार आहे. सगळेच पक्ष पाण्याचे काम करतात, मग वेगळा पक्ष कशाला? २०१४ ते २०१९ या काळात जलयुक्त शिवार अभियान राज्यभर राबवले गेले, गावोगाव नाले खोल आणि रुंद झाले, लोकवर्गणी निघाली, पाण्याच्या कामासाठी गावे एकमेकांशी स्पर्धा करू लागली. पाणी ही सर्व पक्षांची भाषा झाली तर तो पर्यावरणाच्या विचाराचा विजयच नव्हे का? अर्धा विजय आहे हे मान्य करायलाच हवे. हरित पक्षांचे जगभरचे भाग्यही असेच आहे. त्यांचे मुद्दे मोठे पक्ष उचलतात आणि ते स्वतः लहान राहतात. पण मोठा पक्ष मुद्द्याचा कोणता भाग उचलतो ते पाहा. अडवा, खोदा, साठवा हा भाग उचलला जातो, कारण त्यात यंत्र आहे, कंत्राट आहे, उद्घाटन आहे आणि कुणालाही नाही म्हणावे लागत नाही. २०२० साली विधिमंडळात मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने नोंदवले की ९ हजार ६०० कोटींहून अधिक रुपये खर्चूनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलाची पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम फारसा दिसला नाही. कामे वाईट झाली एवढेच त्याचे कारण नाही. पुरवठा वाढला आणि त्याच्याबरोबर उपसाही वाढला. जमाखर्चाच्या वहीत फक्त जमेची बाजू लिहिली तर शिल्लक कळणार कशी?

शहराची गोष्टही याच सुराची आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या बाजारपेठेच्या वैभवातून आली. निजामी राजवटीत कुंडलिकेवर बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातून शहराला उताराने पाणी येई, पंप लागत नसे. पुढे शहर वाढले, लोखंडी सळयांचे कारखाने आले, बियाण्यांच्या कंपन्या आल्या. घाणेवाडीत गाळ साचत गेला आणि नगरपालिकेची नजर आधी शहागडच्या आणि मग पैठणच्या गोदावरीकडे वळली. २०१२-१३ मध्ये घाणेवाडी आटली आणि आठवडेच्या आठवडे नळ कोरडे राहिले. तेव्हा पैठणहून जलवाहिनी पूर्ण झाली. दुसरीकडे घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने वर्गणीतून तलावातला गाळ काढला, आणि शेतकऱ्यांनी तो स्वतःच्या खर्चाने शेतात नेला. मंचाच्या कामाचे मोल मोठे आहे. उद्योजक, व्यापारी, शेतकरी एका तलावासाठी एकत्र आले, पक्ष न बघता. पण याच शहरात भट्ट्यांचा धूर, कुंडलिका आणि सीना नद्यांचे झालेले गटार, नद्यांतला वाळूचा उपसा हे प्रश्न तसेच पडून आहेत, कारण गाळ काढताना कुणाशी वैर येत नाही आणि वाळूला हात लावला की येते. वर्गणीतून चालणारे काम वैर पत्करू शकत नाही. त्यासाठी राजकारण लागते.

युरोपातून तयार जाहीरनामा आणून जालन्यात पक्ष उभा राहिला असता असे मात्र नाही, आणि याचे उत्तम उदाहरण बियाण्याचे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको स्थापन केली. संकरित बियाण्यांनी इथल्या आणि शेजारच्या बुलढाण्यातल्या गावांना बीजोत्पादनाचे नगदी उत्पन्न दिले, आणि १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली ती महिको आणि मोन्सँटो यांच्या संयुक्त वाणांना. पुढे महिकोचेच बीटी वांगे आले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी ते स्थगित केले. त्याआधी सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. त्यांत जालना नव्हते. महाराष्ट्रातली सुनावणी नागपूरला झाली. युरोपातले हरित पक्ष अशा बियाण्यांचे कट्टर विरोधक. इथली शेतकरी संघटना, जिच्या प्रभावातून एक पिढी शेतीचे अर्थशास्त्र शिकली, तिने बियाण्याच्या तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. दोघांपैकी कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही. इतकेच दिसते की जालन्याचा हरित पक्ष कापसाच्या बियाण्याला विरोध करून जन्मला नसता. बियाणे कंपनीचे असले तरी विहीर शेजाऱ्याशी जोडलेली आहे, आणि इथले पर्यावरणाचे राजकारण विहिरीपासूनच सुरू होऊ शकले असते.

सर्वांत कठीण आक्षेप न्यायाचा आहे. मर्यादा घालायची म्हटली की ती आधी गरिबावर पडते. चराईबंदीने ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत आणि जमीन नाही त्याचे नुकसान होते, आणि बांधावरच्या गवताचा फायदा जमीनवाल्याला होतो. मराठवाड्यात याला गायरानांचा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यानंतर दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी गायरान जमिनी कसायला घेतल्या. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. मग २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि राज्याने त्याला धरून नवा निर्णय काढला. सामायिक जमीन वाचली पाहिजे हे हरित तत्त्व, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेल्या माणसाला ती मिळाली पाहिजे हे न्यायाचे तत्त्व, इथे समोरासमोर उभी राहतात. गायरान कसणाऱ्याला निसर्गाचा शत्रू ठरवणारा पक्ष मराठवाड्यात उभा राहू नये, असेच मी म्हणेन. पण यावरून मर्यादेची कल्पनाच टाकून द्यावी हे निघत नाही. मर्यादा कुणापासून सुरू करायची, हा क्रम बदलावा लागतो. साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने तो बदलून दाखवला होता: आधी सगळ्यात जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला नकार, मग भूमिहीनाला वाटा. शेळीवाल्याला माळावरून हाकलण्याआधी शंभर एकरांच्या उसाला विचारणे, हा तो क्रम आहे.

असा पक्ष निवडणूक हरला असता का? बहुधा हरला असता. जालना जिल्हा राजकीयदृष्ट्या थंड आहे असे कुणी म्हणू शकत नाही. २०२३ साली याच जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत उभ्या राहिलेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने राज्याचे राजकारण हलवले, आणि त्या आंदोलनामागे शेतीतून सुटू पाहणाऱ्या तरुणांची घुसमट होती हे नाकारता येत नाही. लोक एकत्र येतात, थांबतात, सोसतात. त्या ताकदीला पाण्याच्या हिशेबाकडे वळवणारा कुणी पुढे आला नाही. हरलेल्या पक्षाचाही उपयोग असतो. टास्मानियातला तो पहिला पक्ष एकही जागा जिंकू शकला नाही आणि पेडर सरोवरही बुडाले. पण त्यातून तयार झालेल्या माणसांनी पुढे १९८३ साली त्याच बेटावरच्या फ्रँकलिन नदीवरचे धरण थांबवले.

जालन्यात असा पक्ष उभा राहायचा तर कायदा आधीच हाताशी आहे. १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरहून खोल विहीर शेतीसाठी आणि उद्योगासाठी घेण्याला मनाई केली, आणि पाणलोटातल्या पाण्याप्रमाणे पिकांचे नियोजन करण्याची तरतूद केली. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या जरा आत. जालन्याच्या शिवारात बोअरचे यंत्र आले की किती फुटांवर थांबते हे प्रत्येक गावाला माहीत आहे.